उंचीनं लावलेली पुस्तकं

मार्च लागला की माझ्या हातांना खाज सुटते. डॉक्टरला दाखवलं तर तो मलम देईल, पण हा रोग मलमाचा नाही, गाद्यांचा आहे. पाचगणीला एका मुंबईच्या शेठच्या बंगल्यावर मी उभं आयुष्य राखणदारी केली. मार्च म्हणजे बंगला उघडायचा महिना. फर्निचरवरच्या चादरी काढायच्या, गाद्या अंगणात टाकून बडवायच्या, सगळ्या खोल्यांत शेगड्या ठेवून भिंतींची ओल काढायची, बंब चिंच लावून घासायचा. एवढं सगळं केल्यावर शेठ यायचे आणि नाकाला रुमाल लावून म्हणायचे, वास येतोय रे. यायचाच. तो माझा असायचा.

आता बंगला नाही, शेठही नाहीत, पण हात आहेत. आज सकाळी इथे परदेशात, अ‍ॅमस्टरडॅमपासून तासाभरावरच्या रायस्वाइक गावात, या तिसऱ्या मजल्यावर मुलीची गादी उचलली आणि गॅलरीत नेऊन कठड्यावर टाकली. चार दणके दिले असतील, तेवढ्यात खालच्या मजल्यावरची बाई बाहेर येऊन वर बघायला लागली. मी हात जोडले. तिनेही जोडले. मुलगी आतून म्हणाली, "आबा, इथे गाद्या उन्हात घालत नाहीत." खरं आहे, घालायला ऊन तर पाहिजे. आकाश धुतलेल्या पोतेऱ्यासारखं होतं. पण गादी आत घेताना मला ते वर्ष आठवलं. कोरोनाचं. त्या मार्चात आणि एप्रिलात इथे असलं ऊन पडलं होतं की गादीच काय, माणूस वाळत घालावा. आणि त्या उन्हात बाहेर कुणी नव्हतं.

मी चौथी पास. पाचवीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरांनीच हात जोडले. आत्तासुद्धा मी बोलतोय आणि फोन लिहितोय. त्याचं शुद्धलेखन चांगलं आहे, त्याला कुठेतरी चांगली शाळा मिळालेली दिसते.

त्या वर्षी तीन महिन्यांसाठी आलो होतो. बायको आली नाही. विमानात गुडघे कुठे ठेवू, म्हणाली, आणि वाईला बहिणीकडे राहिली. मी आलो, पंधरा दिवसांत विमानं बंद झाली. तीन महिन्यांचे आठ झाले. पाहुणा आणि मासा तीन दिवसांनी वास मारतो म्हणतात. मी आठ महिने मारला.

दोन खोल्यांचं घर, एक टेबल. टेबलावर सुवर्णा, म्हणजे माझी मुलगी, आणि तिचा लॅपटॉप. मी खिडकीत. खाली कालव्यात काळी, पांढऱ्या कपाळाची बदकं होती. ती प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि कुणाचे तरी फेकलेले मास्क गोळा करून घरटं बांधायची. मी दिवसभर ते बांधकाम बघायचो. आठवड्यातून एकदा सुपरमार्केट. तिथे तेव्हा नियम होता, ढकलगाडी घेतल्याशिवाय आत जायचं नाही, म्हणजे माणसं लांब लांब राहतात. मी एक कोथिंबिरीची जुडी आणायला एवढी मोठी गाडी ढकलत जायचो आणि त्यात ती जुडी अशी पडलेली असायची, जसा बावीस खोल्यांच्या बंगल्यात मी.

सुवर्णा काय करते ते मला बरीच वर्षं सांगता यायचं नाही. इंग्रजी गोष्टींवर पीएचडी करत होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या जाडजाड कादंबऱ्या, आणि त्यातसुद्धा माणसं नाहीत, फक्त घरं. गावाबाहेरची, मोठ्या बागांतली, साहेब लोकांची घरं. ती गोष्टीत काय काम करतात, यावर. वाईत कुणी विचारलं की मी म्हणायचो, पोरगी परदेशात घरं बघते. लोकांना वाटायचं इस्टेट एजंट झाली. दोघांनी फ्लॅटचे भाव विचारले.

त्या आठ महिन्यांत तिने मला त्या गोष्टी सांगितल्या. मी पोळ्या लाटायचो, ती भाजायची आणि सांगायची. मला तर सगळ्या एकच वाटायच्या. घर मोठं, पाऊस बारीक, माणसं कमी बोलणारी. कुणीतरी बग्गीतून येतं, झाडांच्या रांगेतून लांबून ते घर दिसतं, आणि येणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. वर एक खोली बंद असते. मृत्युपत्र असतं. एक गरीब, शिकलेली पोरगी असते, ना मालकांत ना नोकरांत, मधल्या जिन्यात लटकलेली. तिचं पुढे मालकाशी जमतं नाहीतर घर जळतं, कधी कधी दोन्ही.

मी विचारायचो, ती रात्री मेणबत्ती घेऊन जिना चढते ना, तिला मेणबत्ती दिली कुणी? तिसऱ्या मजल्यावर अंघोळीला गरम पाणी कसं न्यायचे? बादलीत की घागरीत? आणि ते घर उघडलं कुणी? लांबून सगळ्या खिडक्यांत दिवे दिसतात म्हणतेस, ते सकाळपासून पुसत कोण बसलं होतं?

मला वाटलं, काय सापडलंय मला. पोरगी उडी मारेल. ती तवा उतरवत म्हणाली, "यावर खूप वर्षांपूर्वीच लिहून झालंय, आबा. पुस्तकंच्या पुस्तकं आहेत." म्हणजे आयुष्यात एकदा डोकं चालवलं, तेही शिळं निघालं.

तिला या गोष्टींचं वेड माझ्यामुळे लागलं, आणि तेही माझ्या अडाणीपणामुळे. बंगल्यात पुस्तकांची तीन कपाटं होती, शेठच्या आजोबांच्या वेळची. पाचगणीचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतीतून पाणी. पश्चिमेच्या भिंतींना गवताचे तट्टे बांधायचो तरी पुस्तकांना बुरशी यायची. मग ऑक्टोबरात सगळी पुस्तकं व्हरांड्यात उन्हात घालायची आणि मध्ये कडुनिंबाचा पाला ठेवून परत लावायची. सुवर्णा सहा-सात वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर असायची. शेठच्या बाईसाहेबांनी तिला इंग्रजी शाळेत घातलं होतं. ती त्या वाळत घातलेल्या पुस्तकांच्या रांगेत मांडी घालून वाचत बसायची आणि सावली सरकली की पुस्तकासकट सरकायची.

मी लावायचो उंचीनं. मोठी डावीकडे, छोटी उजवीकडे. आमची ताटं जशी फळीवर असतात तशी. दिसायला फक्कड. शेठनी कधी नाव ठेवलं नाही, कारण शेठनी कधी उघडली नाहीत. पुढे कळलं की त्या काळी एकेक कादंबरी तीन-तीन भागांत छापायचे. माझ्या हिशेबात पहिला भाग एका कपाटात, दुसरा शेगडीजवळ, तिसरा कुठे ते देव जाणे. पोरीला बऱ्याचदा तिसराच आधी मिळायचा. लग्न झालेलं, घर जळलेलं, आणि मग वर्षभराने पुढच्या ऑक्टोबरात कळायचं की ही माणसं भेटली कशी. ती अजून कुठलीही गोष्ट शेवटापासून सांगते. सुरुवात करायला तिला जमत नाही. त्याला मी जबाबदार.

आणि त्या वर्षी नेमकं तेच अडलं होतं. प्रबंध सगळा झाला होता, फक्त पहिलं प्रकरण नव्हतं. तिची मार्गदर्शक मारिके म्हणून एक बाई होती, हार्लेमची. तिचं म्हणणं होतं, पहिल्या प्रकरणात सुवर्णाने स्वतःच्या घराबद्दल लिहावं. भारतातल्या थंड हवेच्या ठिकाणी, तसल्याच एका बंगल्यात, तसल्याच पुस्तकांत वाढलेली मुलगी हे घरांचं काम करते, यासारखी सुरुवात नाही. वर्षाअखेर प्रबंध द्यायचा होता. पगार तिथपर्यंतच होता आणि इथे राहायचा परवानाही त्या पगाराला बांधलेला. एक प्रकरण नाही झालं तर पाच वर्षं पाण्यात, आणि सुवर्णा माझ्याबरोबर वाईला.

ती रोज सकाळी टेबलावर बसायची. दुपारी मी चहा ठेवायला जायचो तर पडद्यावर कोरं पान. मी म्हणायचो, दोन ओळी तरी टाक. ती म्हणायची, "दमले आबा." काही न करता माणूस इतका दमतो हे मला त्या वर्षी कळलं. मी आयुष्यभर दमलो ते गाद्यांनी, पाण्याच्या बादल्यांनी. ते झोपलं की उतरायचं. तिचं झोपूनही उतरत नव्हतं. पाठ टेकवलेली, डोळे उघडे, बाहेर ते नको इतकं ऊन.

जूनमधली गोष्ट असेल. ती मारिकेबाईंशी लॅपटॉपवर बोलत होती. मी चहा घेऊन गेलो, कप ठेवला आणि सवयीनं दोन पावलं मागे सरून हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. कुणी साहेबलोक बोलत असताना चहा ठेवून पाठ फिरवायची नाही, रिकामा कप घेऊनच जायचं, असं अंगात मुरलेलं. पडद्यावरच्या बाईंनी मला बघितलं, हात हलवला आणि काहीतरी विचारलं. त्यात मला 'हाउस' कळलं. माझं इंग्रजी एकूण तीन वाक्यांचं. टी रेडी सर. हॉट वॉटर रेडी सर. आणि येस मॅडम. पहिली दोन तिथे बसत नव्हती.

म्हटलं, "येस मॅडम."

बाई खूश झाल्या. अजून काहीतरी विचारलं. पुन्हा येस मॅडम. सुवर्णा पडद्याकडे बघत होती आणि तिच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. मला वाटलं, मी फारच छान बोललो.

बोलणं संपल्यावर तिने लॅपटॉप मिटला. म्हणाली, "त्यांनी काय विचारलं माहितीये? तो मोठा बंगला तुमच्या कुटुंबाचाच ना, आणि पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याकडेच आहे ना."

मी खाली बसलो. मालकांसमोर खुर्चीत बसायची मला सवय नाही, पण त्या दिवशी आपोआप बसलो. आता मीच मालक झालो होतो ना.

तिने खोटं सांगितलं नव्हतं. पीएचडीच्या मुलाखतीत ती म्हणाली होती, मी पाचगणीच्या एका जुन्या बंगल्यात वाढले, तिथे ही सगळी पुस्तकं होती. अक्षर न्‌ अक्षर खरं. फक्त बंगल्याच्या कुठल्या बाजूला, ते कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली, वर पत्रा, तिघं जण. पाच वर्षं ते असंच अर्धं उभं होतं. मी दोन शब्दांत त्याला छप्पर घातलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, राहू दे आबा, आणि पोळ्या भाजायला उठली.

मी बायकोला फोन केला. म्हटलं, पोरीला आपली लाज वाटते. ती तिकडे शेंगा सोलत होती, आवाज येत होता. सोलतच म्हणाली, "अहो, लाज वाटणारी पोरगी बापाला चहा घेऊन मागे उभं राहू देते होय? दमलीय ती. एवढं मोठं घर एकटीनं उघडतेय." शाळेत तीसुद्धा फारशी गेलेली नाही. पण माझ्यापेक्षा कमी गेली, म्हणून जास्त कळतं.

ऑगस्टमध्ये बंधनं जरा सैल झाली, तेव्हा मारिकेबाईंनी आम्हाला हार्लेमला बोलावलं. तिथे जवळपास जुन्या व्यापाऱ्यांची उन्हाळ्यात येऊन राहायची घरं आहेत. अ‍ॅमस्टरडॅममधल्या कालव्यांचा वास नको म्हणून ती मंडळी इकडे यायची. म्हणजे आमचे शेठच. त्यातलं एक बघायचं, बाहेरूनच, कारण आत बंदी. आगगाडीत मास्क. त्यानं चष्म्यावर धुकं, आणि उन्हानं कपाळावर घाम. सुवर्णा वाटेत एकदाच बोलली. म्हणाली, आज विचारलं तर काय सांगू, ठरवलं नाही.

फाटकातून आत गेलो आणि बरोबर तिने सांगितलं होतं तसंच. दोन्ही बाजूंनी झाडं, मध्ये खडीचा रस्ता, लांब टोकाला पांढरं घर. बाई आणि सुवर्णा दीड मीटर अंतर ठेवून पुढे चालत होत्या. माझ्या पोटात काही गोळा आला नाही. मी खिडक्या मोजत होतो. वरच्या मजल्यावरच्या डावीकडच्या दोन खिडक्या फुगलेल्या, बरीच वर्षं नीट लागत नसणार. कोपऱ्यात हायड्रेंजियाचे गुच्छ, निळे, आमच्यासारखेच, आणि वाळलेली फुलं तशीच ठेवलेली. माळी आळशी.

आता माझी चूक सांगतो. घराजवळ तो रस्ता फुटत होता. खडीची वाट पुढे पायऱ्यांकडे, आणि एक अरुंद विटांची वाट उजवीकडून मागे. त्या दोघी खडीवर. माझे पाय विटांवर वळले. मला विचारलंसुद्धा नाही त्यांनी. घर मोठं आलं की डोकं खाली, बाजूनं मागे, चपला दाराशी, हे पायांना पाठ आहे. माझ्या पायांचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त झालंय.

मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. बाहेर एक म्हातारी बाई, माझ्याच वयाची, एक लांब गालिचा कठड्यावरून ओढत होती. ती कोण, मालकीण की नोकर, मला काय माहीत. गालिचा एकट्याच्यानं झटकत नाही, एवढं माहीत होतं. मी जाऊन दुसरं टोक धरलं. ती थबकली, मग हसली. आम्ही झटकायला लागलो. एक, दोन, आणि तीनला वर. धूळ अशी उडाली की बस. आमच्यामध्ये अख्खा गालिचा, म्हणजे अंतर नियमापेक्षा जास्तच. त्या सगळ्या वर्षात अनोळखी माणसाबरोबर केलेलं माझं ते एकच काम. इतकं बरं वाटलं. हात गादी मागत होते, गालिचा मिळाला.

मागून पावलं वाजली. सुवर्णा आणि मारिकेबाई मला शोधत आल्या होत्या. मी हातात गालिच्याचं टोक धरून उभा, डोक्यावर धूळ, आणि बिगर चपलांचा. हो, चपला मी दाराशी काढल्या होत्या. त्या घरात मला कुणी बोलावलं नव्हतं तरी.

बाईंनी सुवर्णाकडे बघितलं. मी तोंड उघडणार होतो. येस मॅडम तयारच होतं.

सुवर्णा इंग्रजीत बोलली, हळूहळू, मला कळावं म्हणून की तिला वेळ हवा म्हणून, कोण जाणे. फादर कळलं, वर्क कळलं, किचन कळलं, बिहाइंड कळलं. तो शेवटचा शब्द मी बंगल्यावर हजारदा ऐकलेला. गो बिहाइंड. मग तिने पुढे येऊन माझ्या हातातलं टोक घेतलं आणि त्या म्हातारीबरोबर गालिच्याची घडी घातली. पोरीला घडी अजून येते. कोपऱ्याला कोपरा, मधून दुमडून, हवा काढत.

मारिकेबाई म्हणाल्या, हे आधी का सांगितलं नाहीस. सुवर्णाने मला नंतर सांगितलं तिने काय उत्तर दिलं ते. "तुम्ही मला नेहमी समोरूनच विचारलंत," असं म्हणाली. बाई लाल झाल्या. मला वाटलं उन्हानं. मग त्या आमच्याबरोबर मागच्या पायरीवर बसल्या आणि कॉफी प्यायल्या. फार गोड बोलल्या असं नाही. एवढंच म्हणाल्या की प्रकरणाची तारीख तीच राहील.

परतीच्या गाडीत सुवर्णा माझ्या खांद्यावर झोपली. मास्क नाकावरून घसरलेला, तोंड उघडं, लहानपणी व्हरांड्यात पुस्तकांत झोपायची तशी. कित्येक महिन्यांत मी तिला अशी झोपलेली बघितली नव्हती. मला स्टेशनाच्या पाट्या वाचता येत नाहीत, हे ती सगळ्यांना सांगते. पण रायस्वाइकचं स्टेशन जमिनीखाली आहे, अंधार झाला की उतरायचं, एवढं मला येत होतं. अंधार झाला. दारं उघडली. मी बसून राहिलो. गाडी थेट डेल्फ्टला जाऊन थांबली तेव्हा ती जागी झाली आणि म्हणाली, "आबा, तुम्हाला साधं स्टेशन कळत नाही?" म्हटलं, नाही बाई, अडाणी माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर तिने माझ्यासाठी टेबलाच्या पलीकडे खुर्ची ठेवली होती. म्हणाली बसा. मागच्या दारापासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत पावलं किती? मी डोळे मिटून चाललो. बेचाळीस, आणि दोन पायऱ्या, दुसरी करकरणारी. तिच्यावर पाय ठेवायचा नाही, शेठ दुपारी झोपतात. तिने लिहिलं. बुरशीचा वास कसा? ओल्या बिस्किटासारखा. कुलूप कसलं? कुलूप नव्हतंच, कडी होती, सुतळीनं बांधलेली. तीन आठवडे चाललं ते. मी म्हटलं, यावर पण कुणीतरी लिहून ठेवलं असेल. ती म्हणाली, "सुतळीवर नाही लिहिलेलं."

दमणं गेलं असं नाही. तिचंही नाही, माझंही. त्या वर्षाचं दमणं अंगात राहिलंय, ओल राहते तशी. शेगडी ठेवली की तेवढ्यापुरती जाते. पण ती लिहीत होती, आणि ऑक्टोबरात विमान मिळून मी निघालो तेव्हा खिडकीखालच्या बदकांची पिल्लंसुद्धा मोठी होऊन एकमेकांशी भांडत होती.

प्रबंध झाला. ती इथेच शिकवते आता, आणि मी पुन्हा तिच्याकडे आलोय. इथे प्रबंधाचं पुस्तक छापतात, पातळ कव्हरचं, लहानसं, तळहातावर मावेल एवढं. मला वाटलं होतं पाच वर्षांचं काम म्हणजे डिक्शनरीएवढं तरी असेल.

आज गादी आत घेतली आणि हात अजून शांत नव्हते, म्हणून तिचं कपाट काढलं. सगळी पुस्तकं खाली उतरवली, एकेक पुसलं, खिडकीशी मांडलं. ऊन नव्हतं, तरी मांडलं. मग लावायला घेतली. ती मधूनच डोकावली, बघून गेली. मला दुसरी पद्धत येत नाही. मोठी डावीकडे, छोटी उजवीकडे, ताटासारखी. तिचं पुस्तक सगळ्यात छोटं. उंचीनं बघितलं तर त्याची जागा शेवटी, उजव्या टोकाला, वाट्यांच्या रांगेत.

सगळ्यात डावीकडे ठेवलं. पहिलं.